तरंगणे, बुडणे आणि जहाजाच्या अंगावरची रेघ

(मोठ्या गटासाठी विज्ञानाचा पाठ. लहान गटातल्या मुलांना पालकांनी वाचून दाखवावा. प्रयोग मात्र मुलांनाच करू द्यावेत.)

मुलांनो, गेल्या सत्रात वर्गात 'तरंगणे' आणि 'बुडणे' ही दोन क्रियापदे झाली. बाईंनी फळ्यावर दोन रकाने केले होते. एका रकान्यात लाकूड, पान, चेंडू, जहाज. दुसऱ्यात दगड, खिळा, नाणे, चमचा. असे का होते, असे विचारल्यावर बहुतेकांचे उत्तर एकच होते: हलके ते तरंगते, जड ते बुडते. उत्तर ऐकायला बरोबर वाटते, मोठी माणसेही तेच सांगतात. पण फळ्याकडे पुन्हा पाहा. तरंगणाऱ्यांच्या रकान्यात जहाज आहे आणि बुडणाऱ्यांच्या रकान्यात खिळा. जहाजाचे वजन हजारो टन आणि खिळ्याचे दोन-चार ग्रॅम! तेव्हा या उत्तरात काहीतरी राहून गेले आहे. ते काय राहिले ते आज शोधू. शेवटी तुमच्या पी.ई.च्या बुटांची गोष्टही येईल.

आधी एक प्रयोग. घरात कोका-कोलाचे दोन कॅन आणा, एक साधा लाल आणि एक डाएटचा. दोन्ही ३३० मिलिलीटरचे, न उघडलेले. न्हाणीघरातला टब किंवा मोठी बादली पाण्याने भरा आणि दोन्ही कॅन हळूच आत सोडा. कॅनच्या बुडाशी खळगा असतो, त्यात हवा अडकते. म्हणून कॅन पाण्याखाली एकदा आडवा करून ते बुडबुडे जाऊ द्या, नाहीतर उत्तर चुकेल. बहुधा असे दिसेल की लाल कॅन तळाशी जाऊन बसतो आणि डाएटचा वर राहतो.

दोन्ही कॅन बाहेरून सारखेच. मग फरक कुठे आहे? लाल कॅनवर बारीक अक्षरात छापलेले वाचा: साखर ३५ ग्रॅम. डाएटमध्ये साखर नसते, गोडीसाठी जो पदार्थ घालतात तो चिमूटभरही नसतो. आता दोन्ही कॅन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. फरक ३५ ग्रॅमचा येईल असे तुम्हाला वाटेल, पण तो येतो साधारण १३ ग्रॅमचा. कारण साखर विरघळली तरी ती जागा घेतेच. ३५ ग्रॅम साखर सुमारे २२ मिलिलीटर जागा अडवते, म्हणजे तेवढे पाणी त्या कॅनमध्ये कमी भरलेले असते. पस्तिसातून बावीस वजा केले की राहिले तेरा. आमच्या घरी हा हिशेब मुलांना साखरेपेक्षा गोड लागला असे म्हणणार नाही, पण वजनकाट्याने तो खरा ठरवला.

म्हणजे जागा सारखी, पण वजन वेगळे. जेवढी जागा तेवढीच ठेवून त्यात जास्त वस्तुमान भरले की वस्तू 'दाट' होते. याला मराठीत घनता म्हणतात, तुमच्या शाळेतली डेन्सिटी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. एक लिटर जागेत एक किलोहून जास्त वजन भरले असेल तर ती वस्तू पाण्यात बुडते, कमी असेल तर तरंगते. बर्फ एक लिटर घेतला तर तो सुमारे ९१७ ग्रॅम भरतो, म्हणून तो सरबतात वर येतो, पण जेमतेम. त्याचा बराचसा भाग पाण्याखालीच असतो. समुद्रातल्या हिमनगाचा तर साधारण दहावा भागच वर दिसतो.

हे झाले काय होते ते. का होते, ते जास्त मजेचे आहे.

टबात हात घालून एक फुगवलेला चेंडू पाण्याखाली दाबून पाहा. चेंडू तुमच्या हाताला वर ढकलतो. ही ढकल कुणाची? पाण्याची. पाण्यात जितके खोल जावे तितका पाण्याचा दाब वाढतो, कारण डोक्यावर पाण्याचा थर वाढत जातो. आता मनाशी एक ठोकळा घ्या, १० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच. म्हणजे बरोबर एक लिटरचा. तो पाण्यात असा धरा की त्याची वरची बाजू २० सेंटिमीटर खोल आहे आणि खालची ३०. वरच्या बाजूवर २० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा भार आहे. त्या बाजूचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर, म्हणून भार झाला २००० ग्रॅम, खाली ढकलणारा. खालच्या बाजूला पाणी ३० सेंटिमीटरच्या दाबाने वर ढकलते, ते झाले ३००० ग्रॅम. ३००० मधून २००० गेले, उरले १००० ग्रॅम, वरच्या दिशेने. उजव्या-डाव्या बाजूंवरचे दाब एकमेकांना पुरे पडतात, त्यांचा विचार नको.

हे १००० ग्रॅम म्हणजे काय, ते ओळखले का? एक लिटर पाण्याचे वजन. ठोकळ्याने जेवढे पाणी बाजूला सारले, तेवढ्याच पाण्याच्या वजनाइतकी ढकल त्याला मिळाली. ठोकळा आणखी खोल नेला, ५० आणि ६० सेंटिमीटरवर, तरी वजाबाकी तीच येते. करून पाहा. आणि ठोकळा लाकडाचा की लोखंडाचा, हे आपण विचारलेच नाही! पाण्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. पाणी फक्त 'माझी किती जागा घेतलीस' एवढेच विचारते आणि तेवढी ढकल देते. वस्तूचे वजन त्या ढकलीपेक्षा जास्त असेल तर वस्तू खाली जाते.

हा नियम सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सिरॅक्यूज गावच्या आर्किमिडीजने मांडला. तो टबातून ओरडत रस्त्यावर धावला, ही गोष्ट तुम्ही इंग्रजी शाळेत ऐकली असेल. ती त्याच्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी दुसऱ्याने लिहून ठेवलेली आहे, तेव्हा खरीखोटी कोण जाणे. त्याने तरंगत्या वस्तूंवर दोन भागांचा ग्रंथ लिहिला, हे मात्र नक्की, आणि गोष्टीपेक्षा तो ग्रंथ मोठा आहे.

आता जहाजाकडे वळू. प्लॅस्टिसिनचा एक गोळा घ्या आणि पाण्यात टाका. बुडाला. तोच गोळा बाहेर काढून पुसा, वाटीसारखा पातळ पसरा, काठ वर करा आणि पाण्यावर अलगद ठेवा. तरंगला. (कणकेच्या गोळ्यानेही जमते, पण कणीक पाण्यात चिकट होते आणि घरात बोलणी बसतात.) वजन एका ग्रॅमनेही बदलले नाही. बदलली ती त्याने अडवलेली जागा. गोळा असताना तो थोडेसेच पाणी सारत होता. वाटी झाल्यावर आतल्या हवेची जागाही पाण्याकडून हिरावून घेतली. लोखंड पाण्यापेक्षा जवळजवळ आठपट दाट आहे, पण जहाज म्हणजे लोखंडाचा गोळा नव्हे, लोखंडाची वाटी आहे. वाटीत पाणी शिरले की हवेची जागा गेली, ढकल गेली आणि जहाज पुन्हा 'खिळा' झाले.

यापुढचा प्रयोग वहीत लिहिण्यासारखा आहे. सरळ भिंतींचा प्लॅस्टिकचा चौकोनी डबा घ्या, बूड १० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद असेल तर उत्तम. त्याच्या बाहेरच्या बाजूला खालपासून दर सेंटिमीटरवर मार्करने रेघा काढा. डबा पाण्यावर ठेवा आणि आत एक-एक पेनीची नाणी सारखी पसरून घालत जा. एका पेनीचे वजन ३.५६ ग्रॅम, म्हणजे २८ पेन्या साधारण १०० ग्रॅम. दर २८ पेन्यांना डबा बरोबर एक सेंटिमीटर खाली बसतो, कारण १०० ग्रॅम वजन पेलायला १०० मिलिलीटर पाणी सारावे लागते आणि या डब्याला त्यासाठी एक सेंटिमीटर उतरावे लागते. म्हणजे डब्यात न डोकावता, नुसती बाहेरची रेघ पाहून आत किती माल आहे ते सांगता येते. संगणकाच्या धंद्यात आम्ही आत काय चालले आहे हे कळण्यासाठी रात्ररात्र घालवतो. इथे पाणी ते फुकट दाखवते.

अजून एक गोष्ट पाहा. पाणी काठाच्या एक सेंटिमीटर खाली असताना डबा ऐटीत तरंगत असतो. आता टबात हाताने एक छोटी लाट उठवा. पाणी काठावरून आत येईल आणि डबा तळाला जाईल. तरंगण्यापुरता हिशेब बरोबर होता, लाटेपुरता नव्हता. पाण्याच्या वर उरलेला काठ वाया गेलेली जागा नसते, ती लाटेसाठी राखून ठेवलेली असते.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये काही जहाजमालक हाच काठ खाऊन टाकत. जितका जास्त माल, तितका जास्त नफा. जहाज जुने, कुजके असले तरी त्याचा भरपूर विमा उतरवलेला असे. ते बुडाले तर विम्याचे पैसे मिळत, बुडत ते खलाशी. अशा जहाजांना लोक 'कॉफिन शिप', म्हणजे शवपेटी-जहाज म्हणत. आणि एकदा नोकरीच्या करारावर सही केली की 'हे जहाज मला धड दिसत नाही' म्हणून चढायला नकार देणाऱ्या खलाशाला तुरुंगात पाठवता येई. अनेकांना पाठवलेही.

सॅम्युएल प्लिमसोल हा कोळशाचा व्यापारी, जन्म १८२४, ब्रिस्टलचा. स्वतः खलाशी नव्हता. १८६८ मध्ये तो डर्बीचा खासदार झाला आणि त्याने एकच विषय लावून धरला: प्रत्येक जहाजाच्या बाजूवर एक रेघ काढा आणि ती पाण्याखाली जाईल इतका माल भरू देऊ नका. कल्पना एकट्या त्याची नव्हती. न्यूकासलकडचा जेम्स हॉल नावाचा एक जहाजमालकच आधीपासून तशी मागणी करत होता. सगळे मालक सारखे नसतात, हेही यातून कळते. पण पार्लमेंटमध्ये जहाजमालकांचे वजन मोठे होते. २२ जुलै १८७५ या दिवशी सरकारने जहाजांसंबंधीचे विधेयक मागे घेतल्यावर प्लिमसोल भर सभागृहात संतापला, त्याने सभासदांना खलनायक म्हटले आणि मुठी आवळल्या. पुढे त्याने माफी मागितली, पण तोवर देशभर सभा सुरू झाल्या होत्या. १८७६ मध्ये कायदा झाला आणि रेघ सक्तीची झाली.

कायदा झाला खरा, पण त्यात एक भोक होते. रेघ काढणे सक्तीचे होते, ती कुठे काढायची ते मालकावर सोडले होते. एका कप्तानाने ती धुराड्यावर काढली, असे सांगतात. ती गोष्ट थट्टेची असली तरी भोक खरे होते. रेघेची जागा ठरवून देणारा कायदा यायला १८९० उजाडले. आज जगभरची मोठी जहाजे ज्या कराराने चालतात तो १९६६ मध्ये आपल्या लंडनमध्येच झाला, आणि तो सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची कचेरी थेम्सच्या काठी अल्बर्ट एम्बँकमेंटवर आहे. नदीच्या दुसऱ्या अंगाला, व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवर, खलाशांच्या संघटनेने १९२९ मध्ये उभारलेले प्लिमसोलचे स्मारक आहे. आणि तुमच्या पी.ई.च्या कापडी बुटांना 'प्लिमसोल' म्हणतात ते त्याच्याच नावावरून. बुटाच्या रबरी तळव्याची वरची कड जहाजावरच्या रेघेसारखी दिसते आणि पाणी तिच्यावर गेले की पाय भिजतात.

टिलबरीला किंवा साउथहँप्टनला गेलात तर मालवाहू जहाजाच्या मध्यावर पाहा. एक वर्तुळ आणि त्यातून आडवी रेघ दिसेल, आणि शेजारी शिडीसारख्या आणखी सहा रेघा. त्यांच्यापुढे इंग्रजी अक्षरे असतात. सर्वांत वरची टीएफ, मग एफ, टी, एस, डब्ल्यू आणि सर्वांत खाली डब्ल्यूएनए. टीएफ म्हणजे उष्ण प्रदेशातले गोडे पाणी, एफ म्हणजे गोडे पाणी, टी उष्ण प्रदेशातला समुद्र, एस उन्हाळा, डब्ल्यू हिवाळा. शेवटची डब्ल्यूएनए म्हणजे हिवाळ्यातला उत्तर अटलांटिक, ही शंभर मीटरपर्यंतच्या लहान जहाजांना लागते.

गोड्या पाण्याची रेघ समुद्राच्या रेघेपेक्षा वर का? कारण समुद्राच्या पाण्यात मीठ आहे. एक लिटर समुद्रपाणी सुमारे १०२५ ग्रॅम भरते. तेव्हा ढकलही जास्त मिळते. दहा हजार टनांचे जहाज समुद्रात साधारण ९७५० घनमीटर पाणी सारून तरंगते. तेच नदीत शिरले की त्याला पुरे १०,००० घनमीटर सारावे लागते, म्हणून एक पोतेही न चढवता ते थोडे खाली बसते. हे कप्तानाला ठाऊक असते आणि रेघेलाही.

मिठाची ही किमया कोकणातल्या शेतकऱ्यालाही कामाची आहे. भाताचे बियाणे पेरण्याआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवतात आणि त्यात बी ओततात. भरीव दाणे तळाला जातात, पोचट आणि रोगट दाणे वर तरंगतात. वरचे काढून टाकायचे, खालचे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे आणि पेरायचे. साध्या पाण्यात किंचित पोचट दाणेही बुडतात, मिठाच्या पाण्यात ते लपू शकत नाहीत. सुट्टीत गावी जाल तेव्हा आजोबांना विचारा.

आता उन्हाळा आणि हिवाळा. इथे पुष्कळजण म्हणतील, थंड पाणी दाट, म्हणून हिवाळ्यात जहाज जास्त वर तरंगते, मग रेघही वर हवी. पण हिवाळ्याची रेघ खाली आहे. म्हणजे हिवाळ्यात माल कमी भरायचा. यात पाण्याच्या घनतेचा संबंध जवळजवळ नाही. हिवाळ्यात वादळे मोठी, लाटा उंच, म्हणून काठ जास्त राखायचा. एफ आणि एस या रेघांमध्ये पदार्थविज्ञान आहे, एस आणि डब्ल्यू यांच्यामध्ये सावधपणा आहे. मला स्वतःला या शिडीतली ही दुसरी गोष्ट जास्त आवडते.

पण रेघ पाळली म्हणजे सगळे झाले असेही नाही. डब्याचा प्रयोग पुन्हा करा. ५६ पेन्या सारख्या पसरून घाला, डबा शांत राहील. आता त्याच ५६ पेन्या एका भिंतीकडे सरकवा. वजन तेवढेच, सारलेले पाणीही तेवढेच, पण डबा कलतो, काठ पाण्याला टेकतो आणि डबा जातो. तरंगणारी वस्तू थोडी कलली की कललेल्या बाजूला जास्त पाणी सारले जाते, तिथे ढकल वाढते आणि वस्तू पुन्हा सरळ होते. आतला भारही त्याच बाजूला धावला, तर मात्र सरळ करायला कुणी उरत नाही.

महाराष्ट्राने याची फार मोठी किंमत मोजली आहे. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येचा दिवस. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी 'रामदास' बोट सणाला घरी निघालेल्या माणसांनी भरली होती. भर पावसाळ्यात, काशाच्या खडकाजवळ ती लाटांत सापडली. पाणी आत आले, माणसे घाबरून एका बाजूला धावली आणि बोट कलंडली, असे वाचलेल्यांनी सांगितले. सहाशेहून जास्त माणसे गेली. अलिबाग भागात अशी गावे आहेत जिथे आजही 'रामदास बोट' म्हटले की म्हातारी माणसे गप्प होतात. आपल्या वर्गात त्या बाजूची घरे आहेत. आजी-आजोबांना फोनवर विचारायचे असेल तर जरा जपून विचारा.

म्हणून बोटीत बसल्यावर 'उभे राहू नका, सगळे एका बाजूला जाऊ नका' असे नावाडी ओरडतो तेव्हा तो रागावलेला नसतो. बोटीत दिलेले लाइफ जॅकेटही याच हिशेबाचे आहे. माणसाचे शरीर पाण्याइतकेच दाट असते, छाती हवेने भरली तर जेमतेम तरंगते, श्वास सोडला तर बहुतेकांचे बुडते. जॅकेट वजन फारसे वाढवत नाही, पण कितीतरी लिटर पाणी बाजूला सारते. ते कडेला काढून ठेवले तर ते एकटेच तरंगते.

घरचा अभ्यास. (१) डब्याचा प्रयोग आधी साध्या पाण्यात आणि मग दर लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात करा. डबा पाच सेंटिमीटर बुडेल इतका भरला तर फरक एक मिलिमीटरच्या आसपास येईल, तेव्हा रेघा बारीक काढा. (२) टबात एक डबा तरंगतो आहे आणि डब्यात एक दगड आहे. टबातल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. आता दगड डब्यातून उचलून टबाच्या पाण्यात सोडा. टबातले पाणी चढेल, उतरेल, की तेवढेच राहील? आधी वहीत उत्तर आणि त्याचे कारण मराठीत लिहा, आईबाबांकडूनही लिहून घ्या, आणि मगच करून पाहा. वह्या पुढच्या शनिवारी आणा.